जुन्या पेटंट-चित्रांची शुभेच्छापत्रं: रेष न बिघडवता कार्ड कसं करायचं

सेफ्टी पिन, झिप, पेन्सिल, छत्री, बल्ब. रोजच्या वापरातल्या वस्तूंची जुनी पेटंट-चित्रं, म्हणजे पेटंट मागताना अर्जासोबत दिलेली रेखाचित्रं, शुभेच्छापत्रावर फार देखणी दिसतात. तरीही घरी केलेली बरीचशी कार्डं फसतात, आणि फसण्याची कारणं ठरलेली असतात. स्क्रीनवर दिसणारं छोटं चित्र उचलून मोठं केलेलं असतं. साफसफाईच्या नादात अर्ध्या रेषा गेलेल्या असतात. जुनेपणा यावा म्हणून मागे तपकिरी डाग टाकलेले असतात. आणि कार्डाच्या पाठीवर छापलेली तारीख भलतीच असते.

या चित्रांमध्ये रंग नाही, पार्श्वभूमी नाही. जे काही आहे ते रेषेत आहे. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: यातून रेष शाबूत राहते आहे का? टप्प्यांचा क्रमही त्याच हिशोबाने लावला आहे. तो उलटसुलट केला तर नंतर दुरुस्ती करता येत नाही.

सुरुवातीची तयारी

चित्र साफ करायला जिम्प आणि रेषांचं वेक्टर (कितीही मोठं केलं तरी कडा न फाटणारं चित्र) करायला इंकस्केप ही दोन मोफत सॉफ्टवेअर पुरतात. हत्यारांमध्ये स्टीलची पट्टी, धारदार कटर, कापायची मॅट आणि घडीची खाच पाडायला बोन फोल्डर (बोथट कडेची चपटी पट्टी) किंवा शाई संपलेलं बॉलपेन लागेल. कागदाबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, तोपर्यंत कागद विकत घेऊ नका.

कार्डाचा आकार मात्र आत्ताच ठरवा. ए५ कागद मधोमध दुमडला की ए६ आकाराचं, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. ते सी६ पाकिटात (११४ × १६२ मिलिमीटर) नीट बसतं. पाकीट मिळतं का हे आधी बघायचं आणि मग कार्ड करायचं. छापून झाल्यावर पाकीट शोधत बसणं ही नेहमीची चूक आहे.

टप्पा १: वस्तू निवडणं

प्रसिद्ध शोध म्हणजे चांगलं कार्ड, असं नसतं. अलेक्झांडर ग्राहम बेल यांचं १८७६ चं टेलिफोनचं पेटंट घ्या. त्याच्या चित्रांत प्रवाहाच्या लाटांचे आलेख आणि विजेच्या जोडण्या आहेत. ज्याला माहीत नाही त्याला तिथे टेलिफोन दिसणारच नाही. जॉर्ज ईस्टमन यांच्या १८८८ च्या कॅमेऱ्याचंही तसंच, चित्रात मुख्यतः एक पेटी आणि तिच्या आतली यंत्रणा दिसते.

हातभर अंतरावरून एका नजरेत वस्तू ओळखू आली पाहिजे. ही कसोटी लावली की काही नावं सहज पुढे येतात:

- वॉल्टर हंट यांची सेफ्टी पिन, अमेरिकी पेटंट क्र. ६,२८१, १० एप्रिल १८४९. वेळेला धावून आलेल्या माणसाचे आभार मानायला यापेक्षा नेमकी वस्तू सापडणार नाही.
- गिडियन सुंडबॅक यांची झिप, क्र. १,२१९,८८१, २० मार्च १९१७. लग्नाच्या वाढदिवसासाठी.
- हायमन लिपमन यांची खोडरबर बसवलेली पेन्सिल, क्र. १९,७८३, ३० मार्च १८५८. शिक्षकांसाठी, किंवा नव्याने काही सुरू करणाऱ्यासाठी.
- थॉमस एडिसन यांचा विजेचा दिवा, क्र. २२३,८९८, २७ जानेवारी १८८०.
- पिएर लालमाँ यांची पायडलची सायकल, क्र. ५९,९१५, २० नोव्हेंबर १८६६.
- आल्फ्रेड क्रॅल यांचा आइसक्रीम काढायचा चमचा, क्र. ५७६,३९५, २ फेब्रुवारी १८९७. लहान मुलांच्या वाढदिवसाला.

वस्तू आणि प्रसंग यांचं नातं वाचणाऱ्याला स्वतःहून लागलं पाहिजे. ते समजावायला दोन ओळी खर्च होत असतील तर वस्तू बदला. विल्यम हूकर यांचा १८९४ चा उंदराचा सापळा चित्र म्हणून अप्रतिम आहे, पण तो शुभेच्छा म्हणून कोणाला पाठवायचा, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तपासा: निवडलेलं चित्र कार्डाच्या आकारात साध्या कागदावर छापा आणि घरातल्या कोणालाही काही न सांगता दाखवा. वस्तूचं नाव लगेच आलं नाही तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: मूळ पान शोधणं आणि उतरवून घेणं

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. चित्रांच्या शोधात वस्तूचं नाव टाकायचं, समोर येईल ते चित्र जतन करायचं, आणि मग ते धुरकट का छापलं जातं म्हणून प्रिंटरला दोष द्यायचा. तसं मिळालेलं चित्र कोणीतरी लहान केलेलं, दाबलेलं आणि पुष्कळदा आधीच ‘साफ’ केलेलं असतं. मूळ पानच घ्यायला हवं.

गूगल पेटंट्स किंवा युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेटवर पेटंटचा क्रमांक टाकून शोधा. क्रमांक लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे: आधी देशाची दोन अक्षरं, मग स्वल्पविराम न देता अंक, शेवटी ए. म्हणजे एडिसनच्या दिव्यासाठी यूएस२२३८९८ए, अर्थात रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत. क्रमांक माहीत नसेल तर निव्वळ नावाने शोधून फारसं हाती लागत नाही. जुन्या पानांवरचा मजकूर यंत्राने वाचून घेतलेला आहे आणि त्यात शीर्षकं पार मोडलेली असतात. त्यापेक्षा वर्गीकरणाच्या संकेताने शोधा आणि तारखेची मर्यादा घाला. छत्र्या आणि हातकाठ्या ए४५बी या वर्गात आहेत, झिपा ए४४बी १९ मध्ये, लेखण्या बी४३के मध्ये, शिवणयंत्रं डी०५बी मध्ये. असा वर्ग उघडून चित्रं चाळत बसलं की अनोळखी संशोधकांची, क्वचितच कोणी वापरलेली चित्रं सापडतात. चांगली कार्डं बहुधा त्यातूनच निघतात.

दोन अडथळे आधीच माहीत असू द्या. अमेरिकेची आजची क्रमांक-मालिका जुलै १८३६ पासून सुरू होते, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला पेटंट कार्यालयाला लागलेल्या आगीत आधीचे बहुतेक कागद जळाले. त्यामुळे १८३६ च्या आधीच्या चित्रामागे फार वेळ घालवू नका. ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक १९१५ पर्यंत दरवर्षी एकपासून सुरू होत, म्हणून तिथे क्रमांकाबरोबर वर्षही द्यावं लागतं.

पेटंट सापडलं की पानावर दिसणारं चित्र उजवी टिचकी मारून घेऊ नका. पूर्ण पीडीएफ उतरवा. त्यात जुनी पानं साधारण ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके), शुद्ध काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत साठवलेली असतात. काही पेटंटांमध्ये चित्रांची तीन-चार पानं असतात, ती सगळी बघा. उत्तम आकृती पहिल्याच पानावर असेल असं नाही.

इशारा: ही पीडीएफ जिम्पमध्ये उघडताना रिझोल्यूशन विचारलं जातं. तिथे ३०० टाका. आधीच भरलेला आकडा त्याहून कमी असेल आणि तुम्ही तसाच पुढे गेलात, तर मिळवलेला सगळा तपशील त्याच क्षणी जातो.

टप्पा ३: हक्कांची खातरजमा

पेटंट आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटंट ती वस्तू बनवण्या-विकण्यावर हक्क देतं, तिचं चित्र छापण्यावर नाही. त्यातून १९१७ च्या पेटंटाची मुदत केव्हाच संपली आहे. त्या काळी अमेरिकेत ती मंजुरीपासून १७ वर्षं असे. अमेरिकी पेटंटांमधली चित्रं आणि मजकूर यांवर साधारणपणे कॉपीराइटचं बंधन नसतं. अपवाद म्हणजे अर्जदाराने त्यात कॉपीराइटची सूचना घातली असेल तर. ती नव्या पेटंटांत आढळू शकते, म्हणून पानं एकदा नजरेखालून घाला. इतर देशांच्या पेटंटांसाठी त्या देशाचा नियम पाहा.

ट्रेडमार्कचं तसं नाही. तो वापरात आणि नोंदणीत असेपर्यंत चालूच राहतो. घरच्या चार माणसांना कार्ड द्यायचं असेल तर प्रश्न येत नाही, पण विकायचं असेल तर आजही चालू असलेल्या ब्रँडचं नाव किंवा बोधचिन्ह मुखपृष्ठावर घेऊ नका. आणि दुसऱ्याने साफ करून, रंग देऊन विकायला ठेवलेली फाइल उचलू नका. मूळ पान सर्वांसाठी खुलं आहे, त्यावर दुसऱ्याने केलेली मेहनत नाही.

टप्पा ४: साफसफाई

इथे घाई करू नका. आधी चित्र भिंगातून बघितल्यासारखं मोठं करून, स्क्रीनवर ४०० टक्क्यांवर बघा. पेटंटच्या चित्रकारांचा एक संकेत होता: प्रकाश डावीकडून, वरून तिरका येतो असं धरायचं. त्यामुळे वस्तूच्या उजव्या आणि खालच्या कडेची रेष जाड असते, डावी आणि वरची बारीक. दिव्याची काच किंवा पेन्सिलीचा दांडा असेल तर सावलीच्या बाजूला समांतर रेषा दाट होत जातात आणि उजेडाच्या बाजूला विरळ. वस्तू गोल वाटते ती एवढ्यावरच. ‘रेषा एकसारख्या नाहीत’ म्हणून सगळ्या सारख्या जाडीच्या केल्या की दिव्याची गोल काच सपाट कागदाची चकती होऊन बसते. ही असमानता चूक नाही, तिला हात लावायचा नाही.

आता कामाचा क्रम.

पहिली गोष्ट, हवी ती आकृती तिचे भाग दाखवणाऱ्या अंक-अक्षरांसह कापून घ्या. आजूबाजूला बोटभर जागा ठेवा.

दुसरी, चित्राचा मोड ग्रेस्केल करा. हे मोठं करण्याच्या आधी करायचं. शुद्ध काळा-पांढरा ठिपका मोठा केला तर नुसता मोठा चौकोन होतो. ग्रेस्केलमध्ये मधल्या करड्या छटा तयार होतात आणि रेषेची कड गुळगुळीत होऊ शकते. रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तिसरी, चित्र चौपट मोठं करा, क्युबिक पद्धतीने.

चौथी, चित्र सरळ करा. जुनी पानं स्कॅन होताना थोडी तिरपी झालेली असतात. पानाच्या चौकटीवरून अंदाज घेता येतो, पण चौकट आणि आकृती यांच्यातही कधी फरक असतो. भरवसा आकृतीच्या मधल्या अक्षावर ठेवा. पेन्सिल तिरपीच काढलेली असेल तर ती तशीच असू द्या, फक्त अक्षरांची ओळ आडवी आहे ना ते पाहा.

पाचवी, हलका गॉशियन ब्लर (कडा किंचित धूसर करणारा फिल्टर) द्या, दोन-तीन पिक्सेल पुरे. सहावी, थ्रेशोल्ड (कुठली करडी छटा काळी आणि कुठली पांढरी धरायची ती सीमा) लावून पुन्हा शुद्ध काळं-पांढरं करा. थ्रेशोल्डचा सरकता काटा इकडेतिकडे हलवताना नजर सर्वांत बारीक छायारेषेवर ठेवा. ती तुटायला लागली की मागे या. दाट रेषा एकमेकींना चिकटायला लागल्या तर उलट दिशेने जा.

सगळ्यात शेवटी ठिपके आणि डाग, आणि तेही हाताने. पांढऱ्या रंगाचा ब्रश घ्या आणि मोकळ्या जागेतले डाग पुसा. आपोआप ठिपके काढणारा फिल्टर वापरू नका. त्याला धुळीचा कण आणि चित्रकाराने सावलीसाठी दिलेला ठिपका यांतला फरक कळत नाही. अंकांपासून वस्तूपर्यंत जाणाऱ्या बारीक निर्देशरेषा तो मधेच तोडतो, तुटक रेषेतले छोटे तुकडे गिळतो आणि टिंबं घालवतो.

तपासा: मूळ चित्र आणि साफ केलेलं चित्र दोन थरांत एकावर एक ठेवा आणि वरचा थर चालू-बंद करत पूर्ण चित्र कोपऱ्याकोपऱ्याने बघा. मूळ चित्रात असलेला प्रत्येक अंक, प्रत्येक निर्देशरेष वरच्यात आहे का?

त्या अंक-अक्षरांबद्दल. बरेच जण ती ‘गर्दी’ म्हणून पुसतात. माझं मत ठाम आहे: ठेवा. ‘फिग. १’ हे लेबल, हाताने काढलेली अक्षरं आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या वळणदार रेषा यांच्यामुळेच ते पेटंटचं चित्र वाटतं. ती काढली की कुठल्याही पुस्तकातलं साधं रेखाटन उरतं. खालच्या साक्षीदारांच्या आणि वकिलांच्या सह्या मात्र काढल्या तरी चालतात. संशोधकाची सही सुबक असेल तर ती वेगळी कापून ठेवा, कार्डाच्या पाठीवर छान दिसते.

टप्पा ५: वेक्टर करणं

याची गरज का पडते, त्याचा हिशोब सोपा आहे. अख्खं पान ए६ वर छापलं तर ते लहान होतं आणि रेषा आपसूक दाट बसतात. पण आपण एकच आकृती घेतो. समजा ती पानावर ७७० पिक्सेल रुंद आहे आणि कार्डावर ८० मिलिमीटर रुंद हवी आहे. म्हणजे इंचाला जेमतेम २४४ पिक्सेल झाले. फोटोला एवढं चालून जातं, पण काळ्या रेषेला किमान ६०० हवेत, नाहीतर कडा कुरतडलेल्या दिसतात. वेक्टर केलं की आकाराचं बंधनच राहत नाही.

साफ केलेली फाइल पीएनजी म्हणून जतन करून इंकस्केपमध्ये आणा आणि ‘पाथ’ मेनूतलं ‘ट्रेस बिटमॅप’ वापरा. एकेरी स्कॅन, ब्राइटनेस कटऑफ ०.४५ ते ०.५ च्या आसपास. ठिपके गाळण्याचा पर्याय अगदी खाली ठेवा, ते काम आपण हाताने केलं आहे. कोपरे गोल करण्याचा पर्यायही कमी ठेवा, नाहीतर झिपेचे दात आणि पिनेचं टोक बोथट होतं.

इशारा: ट्रेस झालेलं चित्र मूळ चित्राच्या बरोब्बर वर येऊन बसतं, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं. वरचं बाजूला सरकवा आणि खालचं बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं मूळ चित्र, पुसून टाका. दोन्ही राहिली तर गुळगुळीत रेषेच्या मागून खडबडीत कड डोकावते आणि छापल्यावर दोष नेमका कुठे आहे ते सापडत नाही.

मग लहान अक्षरांवर जा. रोमन ‘a’, ‘e’ किंवा इंग्रजी अंकांतल्या 6, 8, 9 यांची पोकळी भरून काळा ठिपका झाला असेल तर तिथले बिंदू हाताने हलवून ती मोकळी करा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण कार्ड हातात घेणारा नजर जवळ नेऊन हीच अक्षरं वाचतो.

रेषांची जाडीही आत्ताच बघा. कार्डावरच्या अंतिम आकारात सर्वांत बारीक रेष पाव पॉइंटपेक्षा, म्हणजे साधारण ०.०९ मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी. ट्रेस केलेल्या रेषा म्हणजे खरं तर भरलेले आकार असतात, त्यांना जाडीचा आकडा नसतो. त्यामुळे जाड करायच्या असतील तर पूर्ण चित्राला त्याच रंगाची ०.०५ मिलिमीटरची कड द्या. जाड-बारीक यांचं प्रमाण फारसं बिघडत नाही.

टप्पा ६: मांडणी

आधी एक कोरा कागद घ्या, कार्डासारखा दुमडा आणि चारही बाजूंवर पेनाने लिहा: मुखपृष्ठ, पाठ, आत डावी, आत उजवी. बाण काढून वरची दिशाही दाखवा. आता तो उघडा. उभं, पुस्तकासारखं उघडणारं कार्ड असेल तर बाहेरच्या बाजूला मुखपृष्ठ उजवीकडे आणि पाठ डावीकडे आली आहे हे दिसेल. घडी वर असणारं कार्ड असेल तर पाठीचा मजकूर उलटा, डोकं खाली करून छापावा लागतो. हे डोक्यात करायला जाऊ नका, घडी घातलेला कागद समोर ठेवूनच मांडणी करा.

मुखपृष्ठावर एकच आकृती घ्या. सेफ्टी पिनेच्या पानावर एकाच कल्पनेचे अनेक प्रकार काढलेले आहेत, ते सगळे घ्यायचा मोह होतो. एक मोठी पिन आणि भोवती मोकळी जागा, हे कायम जास्त परिणाम करतं. कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत राहा. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तरच ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जादा छापलेला रंग) लागेल.

रंगाबद्दल दोन गोष्टी. जुनेपणासाठी पिवळट-तपकिरी पार्श्वभूमी, जळक्या कडा, चहाचे डाग छापू नका. छापलेला फिका रंग बारीक ठिपक्यांनी तयार होतो आणि त्या ठिपक्यांत बारीक रेषांची कड विरघळते. जुना भास हवा असेल तर मलईरंगाचा खरा कागद घ्या आणि त्यावर फक्त काळं छापा. दुसरी गोष्ट, निळ्यावर पांढऱ्या रेषा. ही ब्लूप्रिंटची शैली आहे, पेटंट कार्यालयात सादर होणारी चित्रं पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची असत. तरी निळं हवंच असेल तर पांढऱ्या रेषा निदान अर्ध्या पॉइंटच्या करा. शाई पसरते आणि बारीक पांढरी रेष आत बुजून जाते. निळा रंग घडीवरूनही नेऊ नका, तिथे तो तडकतो.

टप्पा ७: मजकूर

समोर चित्र असताना शब्द जितके कमी तितकं बरं. झिपेखाली ‘अशीच जोडी जमून राहो’, पेन्सिलीखाली ‘बिनधास्त लिही, खोडायची सोय आहे’, पिनेखाली ‘वेळेला तूच होतीस’. मुखपृष्ठावर एवढंच, किंवा काहीच नाही. बाकीचं आत, आणि आतलं शक्यतो हाताने लिहायचं. छापील चार ओळींची कविता घालून चित्राची मजा घालवू नका.

पाठीवर वस्तू, संशोधक, देश, क्रमांक आणि तारीख असा एका ओळीचा तपशील द्या. चुका इथे होतात:

जुन्या पानावर बहुधा दोन तारखा असतात, अर्जाची आणि मंजुरीची. सुंडबॅक यांच्या झिपेचा अर्ज २७ ऑगस्ट १९१४ चा आणि पेटंट २० मार्च १९१७ चं. क्रमांकाबरोबर मंजुरीची तारीख जाते. संकेतस्थळावर बाजूला दिसणाऱ्या तारखेवर न जाता पानावर छापलेली तारीख वाचून घ्या.

क्रमांकातले स्वल्पविराम मूळ पानाप्रमाणेच ठेवा. १,२१९,८८१ ला सवयीने १२,१९,८८१ असं लिहिलं की चित्रावरचा आणि पाठीवरचा क्रमांक वेगळा दिसायला लागतो.

‘शोध लावला’ असं न लिहिता ‘पेटंट’ एवढंच लिहा. एडिसनच्या आधीही विजेचे दिवे बनवले गेले होते. योहान वॉलर यांचं कागदाच्या क्लिपचं १९०१ चं अमेरिकी पेटंट ‘आपल्या पेपरक्लिपचा जन्म’ म्हणून मिरवलं जातं, पण चित्र नीट पाहिलं तर आतला दुसरा वळसा त्यात नाहीच. आज टेबलावर असते ती क्लिप वेगळी आहे. चित्र समोर ठेवून मजकूर लिहिला की असं होत नाही.

टप्पा ८: कागद आणि छपाई

२५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), चकाकी नसलेला, गुळगुळीत कागद घ्या. खरखरीत हँडमेड कागद दिसायला सुंदर असतो, पण त्याच्या खळग्यांत बारीक रेषा तुटतात. घरचा प्रिंटर किती जाडीचा कागद घेतो ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. मागून सरळ कागद घेणारी सोय असेल तर तीच वापरा. खालच्या ट्रेमधून जाड कागद वळून जाताना अडकतो किंवा वाकतो.

कागद कापण्याआधी ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, तपासा. कागद एकदा लांबीने आणि एकदा रुंदीने हलकासा वाकवा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकण्याच्या रेषेला समांतर ग्रेन असतो. घडीही तशीच, ग्रेनला समांतर यायला हवी. आडवी घातली तर घडीवर कागद फुटतो आणि कार्ड कधीच नीट मिटत नाही.

छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद, आकार १०० टक्के, कागदाचा प्रकार ‘जाड’. दोन्ही बाजू छापायच्या असतील तर आडव्या कागदावरच्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कार्डासाठी ‘आखूड कडेवर उलटा’ निवडा. ‘लांब कडेवर’ निवडलं तर आतली बाजू उलटी छापली जाते.

छापखान्यात देणार असाल तर पीडीएफ द्या आणि चित्र फक्त काळ्या एकाच शाईत हवं हे लिहून द्या. चार रंग मिसळून काळं केलं तर रंगांचं जुळणं केसभर जरी हुकलं तरी प्रत्येक बारीक रेषेला रंगीत कड दिसते.

तपासा: आधी साध्या कागदावर दोन्ही बाजू छापा, दुमडा, पाकिटात घालून बघा. मग जाड कागदावर एकच प्रत काढा. त्यावरच्या सर्वांत दाट छायारेषा वेगवेगळ्या दिसतात का ते उजेडात पाहा. चिकटल्या असतील तर टप्पा ४ वर परत जा आणि थ्रेशोल्ड बदला. प्रिंटरच्या सेटिंगशी खेळून हे सुटत नाही.

टप्पा ९: खाच, घडी, कापणी

आधी खाच, मग घडी, कापणी शेवटी. आधी कापून मग दुमडलं की दोन कडा क्वचितच जुळतात.

पट्टी घडीच्या रेषेवर घट्ट धरा आणि बोन फोल्डर एकाच दाबाने दोनदा ओढा. कटरच्या पात्याने खाच पाडू नका, तंतू तुटतात. खाच बाहेरच्या बाजूने पाडा आणि मागे उमटणारा उंचवटा घडीच्या आत राहील अशा दिशेने दुमडा. हे उलट वाटतं, पण कागद असाच न तडकता वळतो. घडी दाबताना वर साधा कागद ठेवून त्यावरून बोन फोल्डर फिरवा, म्हणजे छपाईवर चकाकणारा ओरखडा उठत नाही. कडा कापताना पातं नवीन घ्या आणि एका जोरात न कापता हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा.

इंकजेटची छपाई असेल तर खाच पाडण्याआधीच कागद एक रात्र उघडा सुकू द्या. दुमडलेली कार्डं जड पुस्तकाखाली काही तास ठेवा. आत लिहायचं पेन आधी त्याच कागदाच्या कापलेल्या तुकड्यावर चालवून बघा. शाई फुटत नाही ना, बोट फिरवल्यावर पसरत नाही ना ते पाहून मग लिहायला घ्या.